सिंधुदुर्गाचे ‘मूळ घराणे’ शोधायचे तर आधी कोल्हापुरातले कागदांचे रुमाल सोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपला पन्हाळा आहे आणि मालवणचा सिंधुदुर्गही. या दोन्ही ठिकाणी आजही घरात चूल पेटते, माणसे राहतात. कोल्हापुरातून तालमी-मंडळांच्या गाड्या गगनबावड्याने किंवा फोंड्याने मालवणात उतरतात, होडीने कुरटे बेटावर जातात आणि हल्ली तिथल्या एखाद्या ‘मूळ घराण्या’ला फेटा बांधून सत्कार करतात. पाठीमागे डिजिटल (फ्लेक्सचा फलक) लागते, त्यावर ‘शिवकाळापासून किल्ल्याचे राखणदार’ असे लिहिलेले असते. फेट्याला आमचा विरोध नाही. कोल्हापुरात राहून तो परवडणाराही नाही. पण डिजिटलवर एकाच आडनावाला जागा मिळते आणि बाकीची घराणी पुसली जातात, हे आम्हा मोडी वाचणाऱ्यांना खटकते. शिवाय या घराण्यांच्या जुन्या नोंदी शोधायची पहिली जागा मालवण नसून कोल्हापूर आहे, हे तर सत्कार करणाऱ्यांच्या गावीही नसते.

कारण सरळ आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याचा पाया घातला गेला, १६६७ मध्ये काम पुरे झाले. १७३१ च्या वारणेच्या तहानंतर दक्षिणेकडचा मुलूख करवीरकरांकडे, म्हणजे कोल्हापूरच्या गादीकडे राहिला, आणि १८१२ च्या तहाने मालवण बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हे सगळे इंग्रजांना देईपर्यंत किल्ल्याचा धनी करवीर दरबारच होता. किल्ल्यावर कोणाला नेमले, कोणाला किती नेमणूक, कोणाची जमीन जप्त आणि कोणाची मोकळी, याचा पत्रव्यवहार मालक जिथे बसतो तिथे जमतो. शिवाजी विद्यापीठाने ताराबाई आणि करवीरच्या राणी जिजाबाई (शिवरायांच्या मातोश्री नव्हेत) यांच्या काळातली कागदपत्रे संपादित करून छापलीही आहेत. मोडी येत नसेल त्याने निदान त्यांच्या सूचीतून ‘सिंधुदुर्ग’ आणि ‘मालवण’ एवढे दोन शब्द शोधावेत, एका दुपारचे काम आहे. १८१२ नंतरचे कागद मात्र कंपनी सरकारच्या आणि पुढे रत्नागिरीच्या दप्तरात बघावे लागतात. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १ मे १९८१ चा, त्याआधीच्या महसुली कागदावर जिल्हा रत्नागिरीच असणार. ‘आमच्या कागदावर रत्नागिरी लिहिलंय म्हणजे तो आमचा नव्हे’ असे म्हणून कागद बाजूला ठेवणारेही आहेत.

आता ‘मूळ’ या शब्दाकडे. बेटावर वस्ती करणारे एक घराणे, त्याचा एक मूळपुरुष, त्याच्यापासून फुटलेल्या शाखा, असे चित्र गावगाड्यात बसते. गावात पाटलाची पांढर, म्हणजे मूळ वस्तीची जागा असते. किल्ल्याचा कारभार मात्र मुळातच एका हातात राहू नये म्हणून विभागलेला होता. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी, आणि तेही एका जातीचे नसत. किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे. तटाच्या पहाऱ्याला तटसरनोबत वेगळा. त्यांच्याखाली गडकरी शिपाई. जलदुर्ग म्हटल्यावर होडी हाकणारे, दर्याची वेळ जाणणारे गाबीत, भंडारी, कोळी यांच्याशिवाय किल्ल्याला दाणा पोचत नव्हता. बेटाची जागा दाखवणाऱ्या चार कोळ्यांना गावे इनाम दिल्याची हकीकत मालवणात आजही सांगतात. मग मूळ घराणे कोणाचे, जागा दाखवणाऱ्याचे, चिरे रचणाऱ्याचे की पहारा करणाऱ्याचे? शिवराजेश्वराचे देऊळ राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधले, पुढचा सभामंडप राजर्षी शाहू महाराजांनी बांधवला. त्या देवळाच्या पूजाअर्चेची परंपरा हा पुन्हा निराळा धागा. या सगळ्यांना एका झाडाच्या फांद्या करून कागदावर चढवले की चित्र देखणे होते, पण खोटे होते.

‘गडकरी’ म्हणजे काय हे खरे तर कोल्हापूरकरांना सांगावे लागू नये. १८४४ मध्ये सामानगडावर जे पेटले आणि भुदरगड-पन्हाळ्यापर्यंत गेले ते गडकऱ्यांचेच बंड. किल्ला राखायचा आणि त्याबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या जमीन खायची, ही त्यांची रीत होती. नव्या कारभाऱ्यांनी त्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली नेल्या आणि हत्यारे निघाली. यातून शोधणाऱ्याला एक सूत्र मिळते. गडकऱ्याचा पुरावा किल्ल्यावर कमी आणि त्याच्या जमिनीच्या कागदात जास्त सापडतो. जमीन बेटावर नसते, ती काठावरच्या गावात असते. त्या गावाचे नाव कळले की निम्मे काम झाले.

किल्ल्याच्या बाबतीत दोन साले चाळणीसारखी वापरावीत. पहिले १७६५. त्या वर्षी इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले आणि पुढल्या वर्षी पैसे व अटी ठरवून करवीर दरबाराला परत दिला, तेव्हा कारभार जिजाबाईंच्या हाती होता. दुसरे १८१२. किल्ल्याचा धनी बदलला की शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची फौज बदलू शकते. म्हणून ‘१६६४ पासून अखंड’ असा दावा असेल तर त्या घराण्याचे नाव १७६५ च्या आधी आणि नंतर, तसेच १८१२ च्या आधी आणि नंतर दिसले पाहिजे. नाही दिसले तर दावा खोटा ठरत नाही, फक्त जिथपासून दिसते ते साल छापावे. १७७० पासून बेटावर असलेले घराणेही अडीचशे वर्षांचे आहे, त्याला कमीपणा कसला?

तारखांत सर्वांत मोठी फसगत होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जुन्या दरबारी मोडी कागदावर सहसा इसवी सन नसतो. शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवा. राज्याभिषेक शक असेल तर १६७३ मिळवा, वर्ष ज्येष्ठात सुरू होते. फसली सन असेल तर ५९०. सर्वांत जास्त भेटतो तो शुहूर सन, आणि तो आकड्यांत नसून अरबी शब्दांत, एकं आधी, मग दहं, मग शंभर, मग हजार अशा क्रमाने लिहिलेला असतो. वर्ष मृगाच्या सुमारास बदलते, त्यामुळे जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासून मेपर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. ‘खमस सितैन व अलफ’ म्हणजे पाच, साठ आणि हजार. झाले १०६५. कागद कार्तिकातला असेल तर १६६४, पायाभरणीचे वर्ष. आता याच ओळीत ‘मया’ हा शब्द घाला. ‘खमस सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६५. कागद पौष-माघातला असेल तर १७६५, इंग्रजांनी किल्ला घेतला ते वर्ष! मोडीत शब्द तोडलेले नसतात, वरची रेघ आधी ओढून अक्षरे तिला लटकवलेली असतात, आणि ‘मया’ ही दोन अक्षरे कागदाच्या घडीत गेली किंवा वाळवीने खाल्ली की शंभर वर्षांचा घोटाळा होतो. घराण्याला एका दमात चार पिढ्या फुकट मिळतात. म्हणून सन वाचल्यावर त्याच कागदातली ‘छ’ पुढची तारीख, म्हणजे चंद्र आणि मुसलमानी महिना, वाचून दोन्हींचा मेळ बसतो का हे जंत्रीवरून पाहावे. मेळ बसला नाही तर सन चुकला.

दुसरी फसगत नावांची. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. आजोबाचे नाव नातवाला ठेवायची आपली चाल, त्यामुळे एखाद्या घराण्यात ‘तुकोजी बिन राणोजी’ आणि ‘राणोजी बिन तुकोजी’ आलटून पालटून येत राहतात. वंशावळ लिहिणारा दोन तुकोजींना एक समजतो आणि मधल्या दोन पिढ्या गिळतो. याला उपाय सोपा आहे. पिढी साधारण २५ ते ३० वर्षांची धरा. १६६४ पासून आजपर्यंत ३६० वर्षांत बारा ते चौदा पिढ्या भरल्या पाहिजेत. शिवकाळापासूनची म्हणून आठ पिढ्यांची वंशावळ समोर आली तर एकतर मूळपुरुष नंतरचा आहे किंवा मधली माणसे गळाली आहेत. वीस पिढ्या आल्या तर भाऊभाऊ एकाखाली एक लिहिले गेले आहेत. प्रत्येक नावापुढे कागदाच्या रुमालाचा (कापडात बांधलेल्या दप्तराच्या गठ्ठ्याचा) क्रमांक आणि साल लिहावे. पुरावा नसलेले नाव काढू नये, त्याला तुटक रेघ जोडावी आणि ‘सांगीवरून’ असे लिहावे.

अलीकडची बाजू सोपी. फेरफारातल्या वारस नोंदी आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, यांतून शेवटच्या चार-पाच पिढ्या नीट बसतात. जुनी पाने मोडीत असतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून हा नमुना घरोघर माहीत झाला आहे. तेव्हा तालुक्यातालुक्यात मोडी वाचणारे शोधत फिरावे लागले, आता त्यातल्या बऱ्याच जणांना वेळ आहे. वारस नोंदीत लेकी-सुनांची नावे असतात, ती वंशावळीत घ्यावीत. बेटावरची मुलगी काठावरच्या कोणत्या गावी दिली आणि सून कुठून आणली, यावरून घराण्यांचे जाळे दिसते. केवळ पुरुषांची वंशावळ म्हणजे सुंभ उसवून काढलेला एकच पीळ.

ज्या घराण्यांच्या शाखा घाटावर आल्या त्यांच्याकडे आणखी एक साधन आहे, ते म्हणजे हेळवी. आपल्या शिरोळ, हातकणंगले, कागल भागात हेळवी येतो, कुळी सांगतो, नवी नावे चोपडीत चढवतो आणि धान्य-दक्षिणा घेऊन जातो. त्याच्या चोपडीतला क्रम बराच भरवशाचा असतो, साले मात्र नसतात, आणि मूळपुरुषाच्या वरचे सगळे देवादिकांपर्यंत जाते. तेव्हा क्रम घ्यावा, वरचा डोलारा सोडावा. त्याची चोपडी मागून घेऊ नये, तो देणार नाही आणि त्याने देऊही नये. तो सांगत असताना ध्वनिमुद्रण करावे, त्याची दक्षिणा चुकवू नये.

किल्ल्यावर प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी. पावसाळ्यात होडी बंद असते. दिवाळीनंतर जावे, आणि शनिवार-रविवार टाळून. पर्यटकांच्या होडीने गेल्यास किल्ल्यावर जेमतेम तास मिळतो, तेवढ्यात दुधबाव, दहीबाव, साखरबाव आणि महाराजांच्या हातापायांचे ठसे पाहून होतात, माणसांशी बोलणे होत नाही. होडीवाल्याशी परतीची वेळ आधीच ठरवावी. घरी जाऊन ‘तुमचा इतिहास सांगा’ असे विचारू नये, त्याला ठरलेले उत्तर येते. कुलदैवत कोणते, देवक काय, मूळ गाव कोणते, देवळात मान कोणता आणि कितवा, पावसाळ्याची बेगमी कुठून आणायचे, मयताला कुठे न्यायचे, असे विचारावे. मानाचा क्रम आणि मयताची जागा यांत वहिवाट टिकून राहते, कारण त्यांवरून भांडणे झालेली असतात आणि भांडण झाले की कागद होतो.

घरात कागद निघालाच तर तो लॅमिनेट करू नये. उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही जातात आणि प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. सेलोटेप लावू नये, त्याचा डिंक पाच-सात वर्षांत कागदात उतरून पिवळा पट्टा पडतो आणि नेमकी त्याखालची अक्षरे जातात. चिकटलेली गुंडाळी वाफ देऊन उघडू नये, ती तशीच सुती कापडात गुंडाळून जाणकाराकडे न्यावी. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाईल कागदाला समांतर धरून, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून काढावा. पुढची बाजू, मागची बाजू, मग शिक्का जवळून. मागची बाजू बहुतेक जण विसरतात. तिथे पोच, जोडावरची खूण, कधी दुसऱ्याच हाताचा शेरा असतो. शेवटी मोर्तब आहे की नाही यावरून अस्सल आणि नक्कल यातला फरक कळायला मदत होते. नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे, पण नकलेचे साल मुळाचे साल म्हणून छापू नये. आणि अस्सल कागद घेऊन येऊ नये. ‘वाचून परत देतो’ म्हणून नेलेले कागद किती घरांना परत मिळाले हे त्या घरांनाच विचारावे.

दगडांबद्दल थोडेच. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम चालत नाही, पुढचे २०० मीटर परवानगीचे. सत्काराची संगमरवरी पाटी तटाला ठोकणे हा सरळ गुन्हा आहे. डिजिटल बांधायला चिऱ्यांच्या दरजांत खिळे मारले की चुना निघतो, तिथे खारे पाणी शिरते, सुकताना मिठाचे खडे फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. तीच दरज सिमेंटने बुजवली तर ओल आत अडकते आणि शेजारचा चिरा खायला लागते. हे आपल्या गावांतही लागू आहे. गावच्या वीरगळांना आणि समाध्यांना जत्रेच्या तोंडावर ऑइलपेंट फासतात, चार-पाच वर्षांनी तो पोपडा धरून पडतो आणि त्याबरोबर अक्षरेही पडतात. एकदा लागलेला रंग तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने काढणे हे त्याहून वाईट.

मंडळांना आमचे सांगणे इतकेच आहे की पाटीऐवजी पुस्तिका छापा. चार फॉर्म, म्हणजे ६४ पाने पुरतात. डाव्या पानावर कागदाचा फोटो, उजव्या पानावर देवनागरी लिप्यंतर, खाली सोपा अर्थ. घराणी आडनावाच्या अकारविल्हे लावा, म्हणजे पहिले कोण यावरून वाद नको. कुळांबरोबर होडीवाल्यांची, देवळातल्या सेवेकऱ्यांची, पाणी भरणाऱ्यांची नावेही घ्या. हयात माणसांची नावे त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नका आणि जन्मतारखा मुळीच छापू नका. कच्ची प्रत किल्ल्यावरच्या प्रत्येक घरात वाचून दाखवा, हरकत आली तर ती त्याच पानावर टीप म्हणून द्या, खोडू नका.

आम्ही चौघे मोडी वाचणारे दिवाळीपर्यंत आठवड्यातले दोन दिवस कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बसायला तयार आहोत. ज्या मंडळांना सिंधुदुर्गाचे काम करायचे आहे त्यांनी दोन-दोन कार्यकर्ते द्यावेत. अर्ज आणि ओळखपत्राची प्रत लागते. आत पेन चालत नाही, पेन्सिल आणावी. पहिले काही दिवस फक्त सूची बघण्यात जातील आणि रुमाल सुटला तरी त्यात पहिल्याच दिवशी सिंधुदुर्ग निघेल असे नाही. निघतील ते बहुधा दाण्याचे, दोरखंडाचे आणि दारूगोळ्याचे हिशेब. ते बाजूला ठेवू नका, खर्चाच्या त्याच यादीत ‘किता’ लिहून एकाखाली एक माणसांची नावे येतात.

आपले,
कोल्हापुरातील काही मोडी अभ्यासक